पॉइंट्स मिळाले, पण दिलं काय?

‘मोबाइल नंबर सांगा.’

सुपरमार्केटच्या काउंटरवर बिल होण्याआधी हे वाक्य कानावर पडतंच. मागे रांग लागलेली असते, कॅशियर थांबलेला असतो आणि आपण फार विचार न करता दहा आकडे सांगून मोकळे होतो. बदल्यात काय मिळतं? थोडे पॉइंट्स. बरेच महिने साठवले की त्यातून एखादा साबण सुटतो. सौदा फुकटातला वाटतो. पण दोस्तहो, धंद्यात फुकट काहीच नसतं. दुकान आपल्याला काही देतंय म्हणजे त्यालाही काहीतरी मिळतंय. ते नेमकं काय, हे समजून घ्यायचं तर तीस वर्षं मागे, ब्रिटनमध्ये जायला हवं.

फेब्रुवारी १९९५. टेस्को ही तिथली किराणा विकणारी मोठी साखळी, पण सेन्सबरीजच्या मागे, दुसऱ्या नंबरवर. त्या महिन्यात टेस्कोनं देशभर ‘क्लबकार्ड’ आणलं. खरेदी केली की पॉइंट्स जमा होणार आणि साधारण एक टक्का रक्कम दर तीन महिन्यांनी व्हाउचरच्या रूपात घरपोच येणार. सेन्सबरीजच्या अध्यक्षांनी याची टर उडवली. खरेदीवर तिकिटं द्यायची, लोकांनी ती वहीत चिकटवायची आणि वही भरली की वस्तू न्यायची, अशी ‘ग्रीन शील्ड’ योजना ब्रिटनमध्ये जुनी होती. क्लबकार्ड म्हणजे तिचीच इलेक्ट्रॉनिक आवृत्ती, असं त्यांना वाटलं. त्याच वर्षी टेस्को पहिल्या नंबरवर गेली आणि १९९६ मध्ये सेन्सबरीजनं गुपचूप स्वतःचं कार्ड काढलं.

सेन्सबरीजचं लक्ष होतं पॉइंट्सकडे, टेस्कोचं नोंदींकडे. तोवर दुकानाला दिवसभरात ब्रेड किती खपला हे कळायचं, पण तो कोणी नेला हे कळत नव्हतं. एडविना डन आणि क्लाइव्ह हम्बी या नवरा-बायकोच्या ‘डनहम्बी’ कंपनीनं ते कळेल अशी सोय केली. एखाद्या घरात अचानक डायपर जाऊ लागले? बाळ आलंय. दूध-ब्रेड इथून जातो, पण भाजी कधीच नाही? म्हणजे भाजी दुसरीकडून येतेय, भाजीचं व्हाउचर पाठवा. दर आठवड्याला येणारा गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येतोय? तो हातचा सुटतोय, आत्ताच काहीतरी करा. तीस वर्षांत मला माझे ग्राहक जेवढे कळले नाहीत, तेवढे तुम्हाला तीन महिन्यांत कळले, याचीच भीती वाटते, अशा अर्थाचे उद्गार टेस्कोचे तेव्हाचे अध्यक्ष इयान मॅकलॉरिन यांनी काढल्याचं सांगतात.

आता कुणी म्हणेल, यात नवीन ते काय? आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्यालाही माहीत असतंच की, कुणाकडे कोणता चहा जातो आणि कुणाकडे पाहुणे आलेत! खरंय. पण तो वाणी महिनाअखेरपर्यंत उधारी देतो. आधी तो आपल्यावर विश्वास टाकतो, मग आपण त्याला धरून राहतो. शिवाय त्याच्या वहीत काय लिहिलंय हे आपल्यालाही दिसतं. कार्डाच्या वहीत फक्त एकच बाजू बघू शकते.

बरं, एवढं सगळं माहीत असूनही गिऱ्हाईक टिकलं का? इथं गोष्टीला खरी कलाटणी मिळते. २०१४ येईपर्यंत टेस्कोचे ग्राहक मोठ्या संख्येनं आल्डी आणि लिडल या जर्मन दुकानांकडे वळू लागले होते. या दुकानांत ना कार्ड होतं, ना पॉइंट्स. मोजक्या वस्तू, साधी मांडणी आणि कमी भाव. त्याच वर्षी टेस्कोनं नफा सुमारे २५ कोटी पौंडांनी फुगवून दाखवल्याचं उघड झालं आणि २०१४-१५ या वर्षाचा तोटा सहा अब्ज पौंडांच्या वर गेला. लोकांच्या खिशात कार्ड टेस्कोचं होतं, हातात पिशवी मात्र आल्डीची. गिऱ्हाईक काय घेतो हे माहीत असणं वेगळं आणि त्याला योग्य भाव देणं वेगळं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर डीमार्ट बघा. २००२ मध्ये पवईत सुरू झालेल्या या साखळीनं पॉइंट्सचा खेळ मांडलाच नाही. जागा शक्यतो स्वतःची घ्यायची, म्हणजे भाड्याची कटकट नाही. पुरवठादाराला पैसे लवकर द्यायचे आणि त्या बदल्यात माल स्वस्तात घ्यायचा. वाचलेल्या पैशातून भाव रोजच कमी ठेवायचा. शनिवार-रविवारी तिथल्या ट्रॉल्यांची गर्दी बघितली की कळतं, लोक कशासाठी येतात.

मग कार्डाचा जमाना संपला का? उलट, त्यानं रूप बदललं. गेल्या काही वर्षांत टेस्कोनं एकाच वस्तूला दोन भाव लावायला सुरुवात केली: कार्डवाल्यांना कमी, बाकीच्यांना जास्त. इतर साखळ्यांनीही तोच रस्ता धरला. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानं २०२४ मध्ये अशा सुमारे ५० हजार वस्तू तपासल्या. त्यातल्या ९२ टक्के वस्तूंवरची सूट नेहमीच्या भावाच्या तुलनेत खरी निघाली. म्हणजे सरसकट फसवणूक नाही. पण आधी कार्ड म्हणजे बक्षीस होतं. आता ज्याला आपली माहिती द्यायची नाही, त्याला ती न देण्याचे पैसे मोजावे लागतात. आमचा आक्षेप याला आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आहे की! मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही, असं दुकानानं अडून बसू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयानं मे २०२३ मध्ये दिली. त्याच वर्षी आलेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमती हाच पाया मानतो. तरी काउंटरवर ‘कशाला हवाय?’ असं विचारणारे किती असतात?

म्हणून पुढच्या वेळी दोन गोष्टी करा. एक, पॉइंट्सचा हिशेब रुपयांत मांडा. एक टक्का म्हणजे दहा हजारांच्या खरेदीवर शंभर रुपये. तेवढ्यासाठी वर्षभराच्या खरेदीची नोंद द्यायची का, ते ठरवा. द्यायची असेल तर खुशाल द्या, पण ठरवून द्या. दोन, घरात नेहमी लागणाऱ्या पाच वस्तूंचे भाव दोन-तीन दुकानांत ताडून बघा, त्यात कोपऱ्यावरचं दुकानही धरा.

आणि तुमच्यापैकी जे उद्या मार्केटिंगमध्ये जातील, काउंटरच्या पलीकडे बसून अशा योजना आखतील, त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं: गिऱ्हाईकानं दुकानाशी इमान राखावं असं वाटत असेल, तर आधी दुकानानं गिऱ्हाईकाशी ते राखायला हवं.