येवल्याच्या मागावरचा फ्रान्स

युरोपची सहल करून आलेल्या मंडळींकडे फोटो पाहायला बसावे, तर फ्रान्सच्या वाट्याला बहुधा दीड-दोन दिवस आलेले असतात. आयफेल टॉवर, सीन नदीतली बोटीची फेरी, अत्तराचे दुकान आणि ‘मोनालिसा एवढीशीच असेल असे वाटले नव्हते’ हा ठरलेला उद्गार. इकडे घरोघरची मुले शाळेत फ्रेंच घेतात, तीही संस्कृतपेक्षा गुण जास्त पडतील की कमी, हा हिशेब करून. असो. पण फ्रेंच संस्कृतीची खरोखरच ओढ ज्यांना आहे, त्यांना माझे एक सांगणे आहे. पासपोर्ट काढण्याआधी एकदा येवल्याला जाऊन या.

हसू नका. मनमाडहून शिर्डीकडे जाताना लागणारे, पैठणीचे आणि संक्रांतीच्या पतंगांचे हे गाव. तिथल्या एखाद्या विणकराच्या घरात डोकवा. माग बहुधा राहत्या घरातच असतो. एका बाजूला धोट्याची खटखट, दुसऱ्या बाजूला कुकरची शिट्टी. अनेक मागांच्या डोक्यावर एक सांगाडा दिसेल आणि त्यातून सरकणारी, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. पुठ्ठ्याला भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. नक्षी विणकराच्या डोक्यात नव्हे, त्या भोकांत असते. विणकर त्याला ‘जॅकार्ड’ म्हणतो.

हे एका माणसाचे आडनाव आहे. जोसेफ मारी जॅकार हा फ्रान्समधल्या लिऑन शहरातल्या विणकराचा मुलगा. नक्षीदार रेशीम विणताना मागाचे दोर ओढायला तेव्हा एक मदतनीस लागे, आणि अनेकदा ते पोरच असे. आधीच्या कारागिरांच्या कल्पना जुळवून जॅकारने १८०४च्या सुमारास ते काम पुठ्ठ्यांवर सोपवले. पुढे त्याचे एक चित्र रेशमात विणले गेले, त्याला सुमारे चोवीस हजार पुठ्ठे लागले. त्याची एक प्रत इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने जपून ठेवली होती आणि आपल्या गणकयंत्रासाठी हीच भोकांची युक्ती त्याने उचलली. संगणकाच्या क्लासला जाणाऱ्या मुलांना येवल्याला न्यावे, ते यासाठीही.

आता लिऑनविषयी. पॅरिसहून वेगवान गाडीने दोन तासांत तिथे पोचता येते, पण आपल्या सहली सहसा तिकडे फिरकत नाहीत. तिथली क्रुआ-रूस ही टेकडी म्हणजे विणकरांची वस्ती. घरांचे छत चांगले चार-चार मीटर उंच, कारण जॅकारचा माग उंच. त्याच खोलीत पोटमाळा करून घरची माणसे झोपत. घरांच्या पोटातून जाणारे झाकलेले बोळ आहेत. त्यांतून विणकर रेशमाचे तागे पावसात न भिजवता खाली व्यापाऱ्याकडे नेत. लसूण आणि हिरवा पाला घातलेले चक्क्यासारखे एक पांढरे चीज तिथे खातात. त्याचे नाव आहे ‘विणकराचा मेंदू’! नाव ठेवणारा विणकर नसावा.

या टेकडीने इतिहासही घडवला. रेशमाच्या विणाईचा दर इतका पडला की विणकरांनी किमान दर ठरवून मागितला. ऑक्टोबर १८३१मध्ये तो ठरलाही; पण अनेक व्यापाऱ्यांनी मानायचे नाकारले. नोव्हेंबरात विणकर रस्त्यावर उतरले आणि काही दिवस शहरच त्यांच्या हाती आले. मग राजाचे सैन्य आले आणि दर रद्द झाला. १८३४मध्ये पुन्हा उठाव, पुन्हा गोळ्या.

ही हकिगत मी येवल्यातल्या एका वयस्क विणकराला सांगितली. त्यांनी पाय न थांबवता ऐकून घेतली. “म्हणजे दर शेवटी मिळाला नाहीच ना?” एवढेच विचारले.

माझी तक्रार जॅकार्डविरुद्ध नाही. खरी हातविणीची पैठणी म्हणजे प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या तिल्लीवर, छोट्या कांडीवर घेऊन मोर आणि आसावली हाताने गुंफत जायचे. भारी पदराला महिनोन्महिने लागतात. (गंमत अशी, की पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात चौदाव्या लुईच्या काळापासून भिंतीवरचे पट विणतात, तेही मुळात याच रीतीने.) जॅकार्डवर साडी लवकर उतरते, पैसा लवकर हाती येतो. घर चालवणाऱ्याने ते घेतले तर त्याला नावे ठेवणारे आपण कोण?

तक्रार आहे ती गिऱ्हाइकाची आणि दुकानदाराची. लग्नाच्या खरेदीला आलेली मंडळी तास-दीड तासात सहा साड्या उलगडतात, रंगावर भांडतात, भावात घासाघीस करतात. पण ही हातविणीची की जॅकार्डची, किती दिवसांची, हे विचारणारे फार थोडे. पदर उलटून पाहणारे त्याहून थोडे. हातविणीचा मोर उलट बाजूनेही तसाच नीट दिसतो. जॅकार्डच्या नक्षीच्या मागे बहुधा धागे लोंबताना किंवा कापलेले दिसतात. एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात. आपण पाहत नाही, म्हणून दुकानदारही सांगत नाही, आणि हातविणीवर वर्ष घालवणाऱ्या विणकराला पुठ्ठ्याच्या वेगाशी भाव जुळवावा लागतो.

साडीवर भावाची चिठ्ठी असतेच. तिच्यावर विणीचा प्रकार, लागलेले दिवस आणि विणकराला मिळालेली मजुरी, या तीन ओळी वाढवायला दुकानदाराला काय खर्च येणार? लिऑनमध्ये तिकीट काढून लोक जुना माग चालताना पाहतात. येवल्यात तो कमाईसाठी चालू आहे, आणि पाहायला गेलात तर बहुधा चहाही मिळेल. जाणार असाल तर सकाळी जा. पदराचे बारीक काम उजेडात बसूनच चालते.