स्पर्धेची तारीख सरकते, मग सहलीची का नाही?

फेब्रुवारी 2025 मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांची तारीख ठरली होती: 22 ते 25 फेब्रुवारी. अडचण एकच होती. उतारावर स्पर्धेपुरता बर्फच नव्हता. आयोजकांनी स्पर्धा पुढे ढकलल्या, महिनाअखेरीस जोरदार बर्फवृष्टी झाली आणि 9 ते 12 मार्चला स्पर्धा पार पडल्या. खेळाडू, पंच, प्रशिक्षक, अधिकारी असा सगळा लवाजमा दोन आठवडे पुढे सरकला.

पुण्या-मुंबईहून बर्फात खेळायला निघालेल्या कुटुंबाला ही सोय नसते. विमानाची तिकिटं ऑगस्टमध्ये स्वस्तात काढलेली, हॉटेलचे पैसे भरलेले, पॅकेजवर 25 डिसेंबर ते 1 जानेवारी असा शिक्का. मग गुलमर्गमध्ये बर्फ असो वा सुकं गवत, त्याच आठवड्यात जायचं. स्कीइंगची सहल आपल्याकडे शाळेची सुटी आणि विमानाचं भाडं बघून ठरते. बर्फाचा विचार सगळ्यात शेवटी होतो, आणि तिथेच सगळं बिनसतं.

काश्मिरी माणसाचं हिवाळ्याचं गणित वेगळं आहे. 21 डिसेंबरला चाळीस दिवसांचं ‘चिल्लई कलान’ सुरू होतं. त्यानंतर वीस दिवसांचं ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांचं ‘चिल्लई बच्चा’. नाताळ येतो तो या कडाक्याच्या अवघ्या पाचव्या दिवशी. शिवाय थंडी आणि बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात ओलावा घेऊन आले तरच बर्फ पडतो. ते आले नाहीत तर पारा शून्याखाली जाऊनही डोंगर उघडेबोडके राहतात. जानेवारी 2024 मध्ये नेमकं हेच झालं. गुलमर्गच्या तपकिरी उतारांचे फोटो देशभर फिरले. हिवाळ्यात इतकं कोरडं गुलमर्ग आपण कधी पाहिलं नाही, असं ओमर अब्दुल्ला यांनीही समाजमाध्यमावर लिहिलं. बर्फ आला तो महिना सरता सरता. तोवर नाताळची गर्दी घोड्यावर बसून, फोटो काढून घरी परतली होती.

पुढच्या हिवाळ्यात उलट घडलं. 27 आणि 28 डिसेंबर 2024 ला, म्हणजे ऐन सुटीत, बर्फ कोसळला. श्रीनगरची विमानं रद्द झाली, रस्ते बंद पडले. सोनमर्गच्या वाटेवर गुंड गावच्या लोकांनी अडकलेल्या पर्यटकांसाठी मशिदीचे दरवाजे उघडले. तिकडे हिमाचलात सोलंग नाल्याजवळ सुमारे हजार गाड्या अडकल्या आणि पोलिसांना जवळपास पाच हजार पर्यटकांची सुटका करावी लागली. अटल बोगदा 2020 मध्ये सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलमध्ये पोचणं सोपं झालंय, म्हणून सगळे एकाच दिवशी तिकडे धावतात. नाताळच्या आठवड्यात बर्फ नसला तर निराशा होते, आणि आला तर एवढ्या गर्दीला तो पेलवत नाही.

स्कीइंग शिकणाऱ्याला ही गर्दी सगळ्यात जास्त जाचते. गुलमर्गला नवशिक्यांचे उतार गोल्फ कोर्सच्या आसपास, गावालगतच आहेत. त्याच उतारावर स्लेज ओढणारे असतात, स्नो-स्कूटरवाले असतात, भाड्याचे कोट आणि गमबूट घालून फोटोसाठी उभी राहिलेली कुटुंबं असतात. शिकणारा पायातल्या पट्ट्यांची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून वेग कमी करायला धडपडतो. त्याला अजून वळता येत नसतं, थांबायचं म्हटलं तर बहुधा बुडावर बसावं लागतं. समोर अचानक स्लेज आली की त्याच्यापुढे फारसे पर्याय उरत नाहीत. प्रशिक्षकही एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे पळत असतो. दोन तासांच्या शिकवणीतला बराच वेळ बूट मापाचे मिळवण्यात आणि रांगेत जातो.

गोंडोलाची, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेची, गोष्टही तशीच. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवटच्या खांद्यावर, जवळपास 3,950 मीटरवर नेतो. तिकिटं ऑनलाइन आधीच काढावी लागतात आणि सुटीच्या दिवसांत ती केव्हाच संपलेली असतात. वारा वाढला की दुसरा टप्पा बंद ठेवतात. हाताशी एकच दिवस असलेल्या माणसाची वारी तिथेच संपते.

उशिरा आलेल्या बर्फाचा आणखी एक धोका सहल ठरवताना कोणी सांगत नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला पडलेला पातळ थर थंड, कोरड्या दिवसांत आतून साखरेसारखा सुटा होतो. त्यावर एकदम मोठा बर्फ पडला की वरचा जड थर खालच्या भुसभुशीत थरावरून घसरू शकतो. 22 फेब्रुवारी 2024 ला गुलमर्गजवळ हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. त्याआधीच्या वर्षी, 1 फेब्रुवारीला, अफरवटच्या बाजूला दोन पोलिश स्कीपटू दगावले. हे अपघात आखलेल्या उतारांबाहेरचे. त्यामुळे नवशिक्यांनी घाबरून जायचं कारण नाही. पण ‘काल दोन फूट पडला, आज वर जाऊ’ हा उत्साह गावाजवळच्या उतारापुरताच ठेवावा.

यंत्रांनी बर्फ करून प्रश्न सुटेल असं काहींना वाटतं. उत्तराखंडच्या औलीत 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली गेली. तरीही फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्या. हवाच पुरेशी थंड नसेल तर यंत्रही हात टेकतं.

गर्दीचा बंदोबस्त मात्र माणसाच्या हातात आहे, हे फ्रान्सकडे पाहून कळतं. तिथे शाळांच्या हिवाळी सुटीसाठी देशाचे तीन विभाग केलेत. प्रत्येक विभागाला दोन आठवडे मिळतात, पण एकाच वेळी नाही. फेब्रुवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतच्या चार आठवड्यांत त्या सुट्या विखुरल्या जातात. जोडीला ‘बिझाँ फ्युते’ ही 1976 पासूनची सरकारी वाहतूक-सूचना सेवा कोणत्या दिवशी रस्त्यांवर किती कोंडी होईल हे हिरव्या, केशरी, लाल आणि काळ्या रंगांत आधीच जाहीर करते. आल्प्सकडे जाणारे रस्ते शनिवारी तरीही तुंबतात, कारण भाड्याच्या खोल्या बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात. पण सगळा देश एकाच आठवड्यात डोंगरावर चढत नाही, हे काही थोडं नाही.

महाराष्ट्राच्या शाळांच्या सुट्या गुलमर्गसाठी बदलाव्यात असं कोणी म्हणणार नाही. मोसमाचा विचार करून सहल मागेपुढे करणं मात्र जमण्यासारखं आहे. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या काळात बर्फ साचलेला असण्याची शक्यता नाताळपेक्षा बरीच जास्त, आणि गर्दी कमी. याच काळात 26 जानेवारी येते, 19 फेब्रुवारीची शिवजयंती येते, बहुतेकदा महाशिवरात्रही येते. पुढेमागे दोन-तीन रजा जोडल्या की आठवडा निघतो. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर त्या वर्षी बेत सोडावाच लागतो. बाकीच्यांना शाळेचे तीन-चार दिवस बुडवण्याचा हिशेब ज्याचा त्याने करायचा. खरोखर शिकायचं असेल तर मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत आणि गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्थेत हिवाळ्यात अभ्यासक्रम चालतात. दोन तासांच्या भाड्याच्या शिकवणीपेक्षा तिथे पायाला सवय लागते.

फेब्रुवारीही दगा देतो, हे 2025 ने दाखवलंच. म्हणून एक तारीख सोडून दुसरी धरून बसण्यात अर्थ नाही. दोन-तीन शनिवार-रविवार मोकळे ठेवावेत, हवामान खात्याचा पाच-सात दिवसांचा अंदाज पाहून त्यातला एक पक्का करावा, आणि गोंडोलासाठी एक दिवस राखीव ठेवावा. याला पैसे जास्त पडतात, हे खरं. तारीख बदलता येणारं विमानाचं तिकीट महाग असतं. पण बर्फाविना गेलेली सहलही स्वस्त पडत नाही, तिचा खर्च पावतीवर दिसत नाही एवढंच.

इथे जबाबदारी सहल कंपन्यांचीही आहे. जाहिरातीत पांढरेशुभ्र उतार छापायचे आणि अटींत ‘बर्फाची हमी नाही’ असं बारीक अक्षरांत लिहायचं, हे थांबायला हवं. बर्फ नसेल तर तारीख बदलून मिळेल का, किती दिवस आधी कळवावं लागेल, दुसरा टप्पा बंद राहिला किंवा विमान रद्द झालं तर जादा मुक्कामाचा खर्च कोणाचा, ही उत्तरं माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असायला हवीत. फिरत्या तारखेची पॅकेजं काढली तर हॉटेलवाल्यांच्याही रिकाम्या फेब्रुवारीला गिऱ्हाईक मिळेल. तोवर दिवाळीत नाताळच्या सहलीचं बुकिंग करायला गेलेल्या प्रत्येकाने ॲडव्हान्स देण्याआधी ही उत्तरं लेखी मागून घ्यावीत.