परवानगी सोपी, जबाबदारी अवघड

राज्याची एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली आणि कागल तालुक्यातील मुरगूडसारख्या नगर परिषदांच्या गावांत घर बांधणे कागदोपत्री तरी सोपे झाले. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशा सादर करून शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी ठरते. त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी अपेक्षित असते. हेलपाटे वाचले, हे स्वागतार्हच. मात्र या सवलतीबरोबर छाननीचा भार सरकारी टेबलावरून परवानाधारक तंत्रज्ञावर आणि अंतिमतः घरमालकावर आला आहे, याची जाणीव अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

घरमालकाचे लक्ष बहुधा दर्शनी भागाकडे, फरशीकडे आणि दिशांकडे असते. घराचे आयुष्य मात्र पुढे झाकल्या जाणाऱ्या कामावर ठरते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया कठीण मुरमापर्यंत नेला नाही, तर भिंतींना भेगा पडतात. मुरगूड वेदगंगेच्या खोऱ्यातले. कोल्हापूर जिल्ह्याने २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिल्यानंतर तरी जोत्याची उंची शेजारच्या घराकडे पाहून नव्हे, तर पूररेषा पाहून ठरायला हवी.

स्लॅबच्या दिवशी काँक्रीट सहज पसरावे म्हणून त्यात सर्रास पाणी वाढवले जाते. भारतीय मानक ४५६ नुसार, ठरीव प्रमाणाच्या एम-२० काँक्रीटमध्ये ५० किलोच्या गोणीमागे ३० लिटरपेक्षा अधिक पाणी नसावे. जादा पाणी उडून गेल्यावर सूक्ष्म छिद्रे उरतात, त्यांतून ओल शिरते आणि सळई गंजते. याउलट पाणी मारण्यात कसूर होते. साध्या सिमेंटला किमान सात, तर राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा आवश्यक असतो. कॉलमच्या रिंगांची टोके आतल्या बाजूस पुरेशी वळवलेली नसतील, तर भूकंपात त्या उघडतात. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा धक्का सोसलेल्या पश्चिम महाराष्ट्राला हा तपशील क्षुल्लक मानता येणार नाही.

या त्रुटींचे मूळ केवळ गवंड्याच्या अज्ञानात नाही. चौरस फुटाच्या दराने ठेका दिला, की काम लवकर उरकण्यातच ठेकेदाराचा लाभ असतो. अभियंत्याचे शुल्क मालकाला अनाठायी वाटते आणि त्याची सही केवळ नकाशापुरती उरते. पाया भरण्यापूर्वी आणि स्लॅब ओतण्यापूर्वी अभियंत्याने प्रत्यक्ष पाहणी करावी, सळयांची छायाचित्रे जपावीत आणि ठेकेदाराचा पुढचा हप्ता त्या पाहणीनंतरच द्यावा, अशी अट करारातच घालता येते.

घरमालकाने अभियंता होण्याची आवश्यकता नाही. योग्य वेळी योग्य प्रश्न विचारण्याइतके ज्ञान पुरे. आयुष्यभराची पुंजी घालून उभारलेल्या वास्तूची सुरक्षितता शुल्काची पोच देऊ शकत नाही.