ले-ऑफ कुठला?

पवनेच्या या काठाला ‘ले-ऑफ’ म्हणजे काही दिवस घरी बसणं. हिंजवडीत ‘ले-ऑफ’ म्हणजे लॅपटॉप जमा करून कायमचं घरी जाणं. मध्ये जेमतेम काळेवाडी-वाकडचा रस्ता.

पिंपरी-भोसरीच्या जुन्या कामगाराला यातला पहिला अर्थ कुणी शिकवला नाही, तो पगाराच्या स्लिपवर भेटला. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यानं तो बांधूनच दिला होता. वीज नाही, कच्चा माल नाही, तयार माल साचलाय, मशीन बिघडलंय, म्हणून मालक काम देऊ शकत नाही. पण नाव हजेरीपटावर कायम. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई, आणि त्यासाठी ठरल्या वेळी येऊन हजेरी लावायची. कामावरून काढायचं तर त्याला शब्दच निराळा, ‘रिट्रेंचमेंट’. आयटीवाल्यांनी अमेरिकेची बोली उचलली. तिथं ले-ऑफ झाला की बहुधा नोकरी गेलीच. त्यामुळे मुलगा ‘बाबा, ले-ऑफ झाला’ म्हणाला, तर कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेले वडील साहजिकच विचारणार, ‘मग परत कधी बोलावलंय?’

आपल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली. ती आणणारे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे आपल्याच शहराचे. चिंचवडच्या प्रेक्षागृहाला त्यांचं नाव आहे. पण ‘ले ऑफ’सारखी इंग्रजी जोडक्रियापदं शिकवायची वेळ आली की अजून तक्ताच पुढे येतो: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे एकच मराठी अर्थ. मला हा तक्ता मुळीच पटत नाही. ‘ब्रेक डाऊन’पुढे ‘बंद पडणे’ घोकलेला आयटीआयचा मुलगा, बातमीतली आई कोर्टात ‘ब्रोक डाऊन’ झाली हे वाचून काय समजेल? तोच मुलगा शाफ्टला डायल लावून फिरतानाची डगमग, म्हणजे ‘रनआउट’, वीस मायक्रॉन सांगतो, आणि रविवारी मैदानावर रनआउट झाला की अंपायरशी भांडतो. तिथं त्याला तक्ता लागत नाही.

मराठीत आपण तरी काय वेगळं करतो? बोलून टाकलं, बोलून दाखवलं, बोलून बसलो. पहिल्यात सुटका, दुसऱ्यात टोमणा, तिसऱ्यात पस्तावा. आणि ‘बोलून टाकलं’मध्येही नेहमी सुटका असतेच असं नाही, कोण, कुणापुढे बोललं ते पाहावं लागतं.

नोटीस बोर्डावर इंग्रजी कागद लागला की मुरलेले कामगार क्रियापदाच्या वाटेला जात नाहीत. आधी ‘कितीपासून कितीपर्यंत’ ते शोधतात. दुसरी तारीख सापडली नाही, तर मात्र थेट युनियनच्या ऑफिसात.