विजयेचें माप

भांग ही आपल्या पूर्वजांची वनस्पती. ती औषध म्हणून घेण्यांत भय कसलें, असा प्रश्न हल्लीं चांगल्या सुशिक्षित घरांतूनही ऐकूं येऊं लागला आहे. गुडघेदुखी, निद्रानाश, अपस्मार, कर्करोग या सर्वांवर एकच तेल लागू पडतें. तें वनस्पतिजन्य व आयुर्वेदिक असल्यामुळें सर्वथा निरुपद्रवी आहे. आणि मोबाइलवर चार प्रश्नांचीं उत्तरें दिलीं कीं तें घरपोंच येतें, अशी या नव्या पंथाची त्रिसूत्री आहे. यांतील तिसरें सूत्र तेवढें खरें आहे.

वनस्पतिजन्य म्हणून निरुपद्रवी, हा न्याय वचनागास व धोत्र्यास कोणी लावीत नाहीं. मग भांगेसच काय म्हणून लावावा? आयुर्वेदाचें नांव पुढें करणाऱ्यांनीं तर हें बोलूंच नये. आमच्या वैद्यांनीं भांगेस ‘विजया’ असें गौरवाचें नांव दिलें खरें, पण त्याबरोबरच तिचें शोधनही सांगितलें. पानें धुवावयाचीं, वाळवावयाचीं, तुपांत परतावयाचीं, आणि मग जातीफलादि चूर्णासारख्या कल्पांत इतर द्रव्यांच्या सोबतीनें मोजून घालावयाचीं, असा त्यांचा रिवाज. निरुपद्रवी वस्तूवर एवढे संस्कार कोण करतो? १९४५ च्या औषधविषयक नियमांनाही हा विवेक सुटलेला नाहीं. त्यांच्या ई-१ या परिशिष्टांत भांग बसविली आहे ती वचनाग, धोत्रा, बिब्बा आणि गुंज यांच्या पंक्तीला. आणि तिच्यापासून बनविलेल्या, पोटांत घेण्याच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालींच घेण्याची सूचना ठळकपणें छापली पाहिजे असा नियम आहे. ती सूचना बाटलीवर असते. जाहिरातींत मात्र ती शोधूनही सांपडत नाहीं.

दुसरी पळवाट कायद्याची. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें गांजा म्हणजे फुलोरा, आणि चरस म्हणजे राळ, यांवर निर्बंध घातले. फुलोऱ्यावांचून असलेलीं पानें व बिया त्या व्याख्येंतून वगळल्या. म्हणून आपल्याकडील बहुतेक तेलें ‘पानांपासून केलेलीं’ म्हणून विकलीं जातात. परंतु कायद्यानें वगळलें म्हणजे मादकपणा गेला, असें थोडेंच आहे! महाशिवरात्रीच्या थंडाईचा अनुभव ज्यांनीं घेतला असेल, त्यांस हें पुस्तकांतून शिकावें लागणार नाहीं.

वस्तुतः या झाडांत रोग्याच्या दृष्टीनें महत्त्वाचीं द्रव्यें मुख्यतः दोन: टीएचसी आणि सीबीडी. पहिलें नशा आणतें, दुसरें आणीत नाहीं. पहिल्यानें किमोथेरपीची ओकारी शमते. दुसऱ्याचा उपयोग अपस्माराच्या कांहीं विशिष्ट प्रकारांत सिद्ध झाला आहे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील डॉ. ओशॉनेसी यांनीं १८३९ सालीं धनुर्वात, संधिवात व बालकांच्या आंकड्या यांवर गांजाच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि ही हिंदी औषधि युरोपच्या दवाखान्यांत गेली. पुढें ती तेथून मागें पडली. त्याचें एक मोठें कारण असें, कीं अर्काची ताकद दर खेपेस निराळी पडे. आज निजविणारी मात्रा उद्यां वेड लावी, तर परवां पाण्यासारखी जाई. टीएचसी शुद्ध स्वरूपांत हातीं आलें तें १९६४ सालीं, इस्रायलमध्यें, गाओनी व मेशुलाम यांच्या हातून. ज्या अनिश्चिततेनें एक औषध एकदां बुडालें, तीच अनिश्चितता आज सुंदर बाटलींत भरून परंपरा म्हणून विकली जात आहे, हें आमचें गाऱ्हाणें आहे.

बाटलीवर मोठा आंकडा असतो. तो आंकडा अर्काच्या वजनाचा, कीं द्रव्याच्या? अर्काच्या वजनावरून आंतील द्रव्य किती याचा कांहींच पत्ता लागत नाहीं. क्षणभर असें धरूं, कीं ३० मिलिलिटरच्या बाटलींत १५०० मिलिग्रॅम शुद्ध सीबीडीच आहे. म्हणजे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. मिलिलिटरचे सुमारें २० थेंब धरले, तर थेंबाला अडीच मिलिग्रॅम. आतां अपस्मार असलेलें २० किलो वजनाचें मूल घ्या. ड्राव्हे व लेनॉक्स-गास्तो या दुर्धर प्रकारांसाठीं अमेरिकेंत २०१८ सालीं मान्य झालेलें जें शुद्ध सीबीडीचें औषध, त्याची नेहमींची मात्रा आरंभीच्या आठवड्यानंतर दर किलोस दररोज १० मिलिग्रॅम. म्हणजे या मुलास २०० मिलिग्रॅम. आई सकाळीं चार व रात्रीं चार थेंब देते. झाले २० मिलिग्रॅम, म्हणजे मात्रेचा दहावा भाग! बरें, पुरी मात्रा द्यावी तर ती बाटली साडेसात दिवसांत संपते. त्या आठ थेंबांच्या भरंवशावर ‘रासायनिक’ गोळ्या बंद केल्या, तर झटक्यांची अखंड मालिका सुरू होऊन मूल दगावूं शकतें. आणि मात्रा पुरी दिली म्हणजे काळजी मिटली असेंही नाहीं. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर यकृतावर ताण पडतो, त्यासाठीं रक्त तपासावें लागतें. क्लोबाझाम चालू असेल तर त्याचा अंमल वाढून मूल गुंगून पडतें. हें सर्व पाहण्यास डॉक्टर लागतो. मोबाइलवरील प्रश्नावली पुरत नाहीं.

आणि लेबल तरी खरें कशावरून? अमेरिकेंत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सीबीडीच्या ८४ वस्तू तपासल्या, त्याचा निष्कर्ष २०१७ सालीं प्रसिद्ध झाला: सांगितलेलें प्रमाण २६ वस्तूंतच बरोबर निघालें, आणि १८ वस्तूंत टीएचसी आढळलें. म्हणून विक्रेत्यास दोनच प्रश्न विचारावे. एका मिलिलिटरमध्यें टीएचसी किती व सीबीडी किती? आणि याच घाण्याचा, बाटलीवरील क्रमांकाशीं जुळणारा, बाहेरच्या प्रयोगशाळेचा तपासणीचा दाखला कोठें आहे? उत्तरादाखल ऋषींचीं नांवें ऐकूं आलीं, तर पैसे खिशांतच राहूं द्यावे.

घरांतल्या वडीलधाऱ्या मंडळींविषयीं विशेष भय वाटतें. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन घेणाऱ्या आजोबांस हें तेल दिलें, तर तिचा प्रभाव वाढून रक्तस्राव होऊं शकतो. टीएचसीनें नाडी जलद होते, उभें राहतांना चक्कर येते, आणि म्हातारपणीं पडणें म्हणजे काय तें सांगावयास नको. पोटांत घेतलेल्या टीएचसीचा अंमल चढावयास दोन-दोन तास लागतात. ‘अजून कांहींच वाटत नाहीं’ म्हणून दुसरी मात्रा घेणारा रोगी मग रात्रभर भ्रमांत तळमळतो. ज्याच्या घराण्यांत उन्माद आहे त्यानें, गर्भवतीनें व अंगावर पाजणाऱ्या मातेनें यापासून दूर राहावें; घेतलें असतां वाहन हांकूं नये. मुलाकडे दुबईस किंवा सिंगापूरला निघालेल्यांनीं बाटली सामानांत टाकूं नये. तेथील कायदा आपल्या परंपरेची चौकशी करीत बसत नाहीं.

परंतु सगळा दोष विक्रेत्यांच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. भांगेचें नांव काढतांच रोग्यास गर्दुल्ला समजून फटकारणारे डॉक्टर काय थोडे आहेत? टीएचसीचीच कृत्रिम गोळी किमोथेरपीच्या ओकारीवर अमेरिकेंत १९८५ पासून मान्य आहे. मज्जासंस्थेच्या एका रोगांत आंखडणाऱ्या स्नायूंवर दोन्ही द्रव्यांचा फवारा इंग्लंडांत २०१० सालीं मान्य झाला. उलट, दुखण्यावर याची शिफारस करण्याइतका पुरावा नाहीं, असें वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघानें २०२१ सालीं स्पष्ट सांगितलें. आणि तेलानें कर्करोग बरा होतो याला तर माणसांवरील प्रयोगांचा आधारच नाहीं. एवढें शांतपणें सांगावयास पांच मिनिटें पुरतात. तीं न दिल्यामुळें रोगी बाटली टाकून देत नाहीं, ती डॉक्टरांपासून लपवतो. मग शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं भूलतज्ज्ञ ‘आणखी कांहीं घेतां का?’ म्हणून विचारतो, आणि आजोबा मान हलवून नाहीं म्हणतात.