नाचाच्या गाण्याला पंगतीत पाट हवा

‘थिल्लर’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. गाणे ऐकताना डोळे मिटले तर ते अभिजात, डोळे पाणावले तर ते भावपूर्ण, आणि पाय हलले की थिल्लर! मान डोलावणे हे रसिकतेचे लक्षण. पण मानेखालचे शरीर डोलले की रसिकता संपली, असा काहीसा अलिखित नियम सुशिक्षित मंडळींनी करून ठेवला आहे. हा नियम कोणी केला, कोणासाठी केला आणि त्यामुळे पंगतीबाहेर कोण राहिले, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो व्हावा, म्हणून हा लेखप्रपंच.

निमित्त आहे एका जुन्या गाण्याचे. १९८० साली आलेल्या ‘कुर्बानी’ या हिंदी चित्रपटातले ‘आप जैसा कोई’ हे ते गाणे. आम्हा विद्यार्थ्यांपैकी कोणाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता. तरीसुद्धा लग्नाच्या वरातीत ते वाजले की लहानथोर सगळे ओळखतात. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी आम्ही सहा मुलींनी या गाण्यावर नाच बसवला होता. ‘गाणे अभिरुचीला धरून नाही’ असा शेरा मिळून तो निवडीतच गळाला. राग आला, हे खरेच. पण राग ओसरल्यावर वाटले, ज्या गाण्याला एवढी नावे ठेवली जातात ते गाणे घडले तरी कसे, हे एकदा नीट पाहावे. इतिहास हा माझा विषय आहे. आणि गाण्यालाही इतिहास असतोच ना?

फिरोज खान हे ‘कुर्बानी’चे निर्माते, दिग्दर्शक आणि नायकही. चित्रपटाला संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे. असे असूनही एका गाण्यासाठी फिरोज खान यांनी लंडनला बिड्डू यांना गाठले. बिड्डू मूळचे बंगळूरचे. आणि योगायोग असा की फिरोज खान यांचा जन्मही बंगळूरचाच. तरुणपणी इंग्लंडला गेलेल्या या माणसाने १९७४ साली कार्ल डग्लस या जमैकात जन्मलेल्या गायकाकडून ‘कुंग फू फायटिंग’ हे गाणे गाऊन घेतले. ते मुळात तबकडीच्या मागल्या बाजूसाठी, मुख्य गाण्याचे काम आटोपल्यावर उरलेल्या थोड्या वेळात उरकलेले. पण मागल्या बाजूचे म्हणून केलेले हे गाणे पुढे आले आणि ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. १९७६ साली बिड्डू यांनीच केलेले टीना चार्ल्सचे ‘आय लव्ह टू लव्ह’ हेही ब्रिटनमध्ये पहिले आले. लोकांचे पाय कशाने हलतात, ही विद्या या गृहस्थांनी पुरती कमावली होती.

आता गायिकेकडे वळू. नाझिया हसन ही १९६५ साली कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये शाळेत शिकणारी मुलगी. लंडनमधल्या एका मेजवानीत फिरोज खान यांची तिच्या कुटुंबाशी गाठ पडली आणि त्यांनी तिला बिड्डू यांच्याकडे आवाजाच्या चाचणीसाठी पाठवले. गीत लिहिले इंदीवर यांनी. हे तेच इंदीवर, ज्यांनी १९६८ सालच्या ‘सरस्वतीचंद्र’साठी संस्कृतप्रचुर हिंदीत गीते लिहिली होती. ती गीते रसिकमान्य आणि हे गीत थिल्लर, असे म्हणायचे तर लेखणी एकच होती, हे विसरावे लागेल. पडद्यावर हे गाणे झीनत अमान यांच्यावर चित्रित झाले. म्हणजे हिशेब मांडून पाहा: संगीतकार बंगळूरचा, गायिका कराचीची, कवी झाशीकडचा, ध्वनिमुद्रण लंडनचे आणि चित्रपट मुंबईचा! बांगलादेशाच्या युद्धाला तेव्हा नऊच वर्षे झाली होती. भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची तरुण मुले एकाच गाण्यावर ताल धरत होती, ही गोष्ट मला तरी लहान वाटत नाही.

गाणे केले कसे, तेही सांगण्यासारखे आहे. त्या काळी मुंबईत चित्रपटगीताचे ध्वनिमुद्रण म्हणजे बहुधा एक मोठे कार्यच असे. ताडदेवच्या किंवा वांद्र्याच्या ध्वनिमुद्रणगृहात व्हायोलिनवाल्यांच्या रांगा, ढोलक-तबलेवाले, सतार-बासरीवाले आणि गायक असे सगळे एकाच वेळी सज्ज. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. लंडनची रीत निराळी होती. तिथे ड्रमचा ठेका आधी, मग बास गिटार, मग बाकीची वाद्ये, असा एकेक थर फितीवर वेगवेगळा चढवायचा आणि आवाज शेवटी बसवायचा. नाझियाचा आवाज कोवळा, पातळ, किंचित नाकातला. असा आवाज एकटा सोडला तर वाद्यांच्या गर्दीत हरवेल. म्हणून तोच आवाज दुहेरी करून एकावर एक बसवायचा, ही तिकडची युक्ती. गाणे लक्ष देऊन ऐकले तर ती कानाला कळते. एकटीच मुलगी गाते आहे, तरी तिच्या मागे तिचीच सावली गाते आहे, असा भास होतो.

इथे पहिला आक्षेप येतो. टीकाकार म्हणतात, ही सारी यंत्राची करामत. यात कला कुठे आहे? माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे कलेची व्याख्या मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिली आहे. हे गाणे अण्णा त्यांच्या चुलत्यांकडून शिकले आणि चुलत्यांनी ते रेडिओ ऐकून ऐकून बसवले होते. नोटेशनचे नाव नाही, शिकवणारे कोणी नाही. मी एकदा अण्णांना विचारले, भजन वाजवणे अवघड की नाचाचे गाणे? ते म्हणाले, “भजनाला बसलेला माणूस चूक पोटात घालतो. नाचणाऱ्याचा पाय चूक पोटात घालत नाही. ठेका जरा मागे-पुढे झाला की माणूस जागच्या जागी थांबतो.” नाचाच्या गाण्याची यापेक्षा चांगली समीक्षा माझ्या तरी वाचनात नाही. गाणे लंडनच्या यंत्रांवर घडो वा भर उन्हात तीन तास चालत चालत घडो. माणसाला उभे करून नाचायला लावणे हे सोपे काम नव्हे. यंत्र ठेका वाजवील. पण कोणता ठेका, किती वेगाचा आणि कुठे थांबवायचा, हे माणसाच्याच कानाने ठरवावे लागते.

दुसरा आक्षेप आवाजाचा. ज्या देशाने लताबाईंचे आणि आशाबाईंचे गाणे ऐकले, त्याने एका न शिकलेल्या शाळकरी मुलीचे कौतुक का करावे? वर्षानुवर्षांच्या रियाजाविषयी मला नितांत आदर आहे. परंतु रियाजाचा आवाज हाच एकमेव आवाज, असे म्हटले की आपल्या आज्या-पणज्या बाद होतात. जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायांना सूर लावायला कोणी शिकवले होते? ‘कुर्बानी’ जून १९८० मध्ये प्रदर्शित झाला आणि १९८१ च्या फिल्मफेअर पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिका म्हणून नाझियाची निवड झाली. सोळावे वर्ष तिने तेव्हा जेमतेम गाठले असेल-नसेल. त्याच वर्षी बिड्डू यांच्याच संगीतात, भाऊ झोहेबसह, तिची ‘डिस्को दीवाने’ ही गाण्यांची तबकडी आली. तिला चित्रपटाचा आधार नव्हता, नट-नटी नव्हत्या. निव्वळ गाण्यांच्या बळावर ती घराघरात पोचली. त्या वेळी पाकिस्तानात जनरल झिया यांची लष्करी राजवट होती आणि दूरचित्रवाणीवर बायकांनी डोक्यावर पदर घ्यावा, असे हुकूम निघत होते. अशा दिवसांत एक मुलगी मोकळ्या आवाजात आनंदाचे गाणे गाते, यालाही काही अर्थ आहे की नाही?

तिसरा आक्षेप सगळ्यांत जुना, आणि माझ्या मते खरा तोच आहे: नाच हीच मुळी हलकी गोष्ट. ही वृत्ती काही आपल्याच देशाची मक्तेदारी नाही. १२ जुलै १९७९ रोजी अमेरिकेत शिकागो येथे बेसबॉलच्या मैदानावर दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग रचून तो स्फोटाने उडवण्यात आला. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले आणि यजमान संघाला दुसरा सामना सोडून द्यावा लागला. डिस्को हे संगीत प्रामुख्याने अमेरिकेतील कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी लोकांच्या नाचघरांत वाढले. तेव्हा तबकड्या जाळणाऱ्यांचा राग नेमका संगीतावर होता की ते संगीत वाढवणाऱ्या माणसांवर, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे. आपल्याकडेही तमाशाला नाके मुरडणारी घराणी होतीच. आता त्यालाच ‘लोककला’ म्हणून व्यासपीठावर फुले वाहतात. म्हणजे कला तीच. तिला नाव ठेवायचे की नाव द्यायचे, हे समोरच्या पाटावर बसलेला ठरवतो. आणि गंमत पाहा, शिकागोत ज्या संगीताची होळी झाली, त्याच संगीताने वर्षभराच्या आत मुंबईचा पडदा जिंकला.

मात्र एवढे कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. नाझियाचा न शिकलेला आवाज जगापुढे आला, कारण ती लंडनच्या त्या मेजवानीला हजर होती. घरची परिस्थिती चांगली होती, आईवडिलांचा पाठिंबा होता. पुढे तिने कायद्याचे शिक्षण घेतले, संयुक्त राष्ट्रसंघात काम केले. १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी कर्करोगाने तिचा अंत झाला. आमच्या गल्लीत तिच्याइतक्या गोड गळ्याच्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या वाट्याला अशी मेजवानी येत नाही. त्यांच्या वाट्याला येते ती लग्नाची पंगत, आणि तीसुद्धा वाढपिणीच्या बाजूने. दार उघडे होते, हे खरे. पण दारापर्यंत जाणारा रस्ता सर्वांचा नव्हता. म्हणूनच, निदान महाविद्यालयात तरी तो रस्ता अडवू नये, असे मला कळकळीने वाटते. आमच्यासारख्या मुलींना रंगमंच मिळण्याची ही पहिली आणि पुष्कळदा शेवटचीच जागा असते.

याचा अर्थ काहीही चालवून घ्यावे असा नाही. बाईला वस्तू समजणारी गाणी आहेत, कानठळ्या बसवणारे भोंगे आहेत. त्यांना विरोध जरूर व्हावा. पण तो विरोध त्या गाण्यातल्या शब्दांना आणि त्या आवाजाच्या पातळीला असावा. पाय हलले या गुन्ह्याबद्दल नसावा. भावगीतातही टाकाऊ असते आणि नाचाच्या गाण्यातही टिकाऊ असते. चार दशके उलटून गेल्यावरही ज्याची चाल वरातीत वाजते, ज्याच्या संगीतकाराने १९९५ साली अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने पुन्हा देशाला ताल धरायला लावला, त्या गाण्याला ‘क्षणभंगुर’ कोणत्या तोंडाने म्हणायचे?

माझी मागणी साधी आहे. पुढच्या स्नेहसंमेलनात नाचाचे गाणे जरूर असावे. मात्र ते सादर करण्यापूर्वी, भावगीताच्या वेळी करतो तसाच, निवेदकाने त्याच्या कवीचा, संगीतकाराचा, गायकाचा आणि मिळाल्यास वादकांचाही नामोल्लेख करावा. कोणाच्या कष्टावर आपण नाचतो आहोत, हे नाचणाऱ्याला आणि बघणाऱ्याला कळू द्यावे. वरातीत सगळे नवरदेवाकडे पाहतात, नाचणाऱ्यांकडे पाहतात. वाजवणाऱ्याच्या तोंडाकडे कोणी पाहत नाही. त्याच्या ओठाला पडलेला घट्टा मात्र मी रोज पाहते. त्या घट्ट्याला थिल्लर म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.