शेणावरचें रान

वडगांव, कामशेत, लोणावळें या बाजूस पाऊस एकदां बसला म्हणजे गोठ्यामागील उकिरड्यावर एक निराळेंच रान उगवतें. आधीं पांढरी लव, मग कांचेच्या टांचणीसारखे दाणे, आणि शेवटीं कुत्र्याच्या छत्र्या. ‘शेण नासलें’ म्हणून मंडळी नाक मुरडतात. आमच्या मतें हा बुरशीवर अन्याय आहे.

त्या कांचेच्या टांचणीस शास्त्रांत पायलोबोलस म्हणतात. तिचें बीज गवताबरोबर गुरांच्या पोटांत जातें आणि तेथून सुखरूप शेणांत उतरतें. परंतु गाय शेणालगतचें गवत सहसा खात नाहीं. तेव्हां बीज दूर फेंकल्यावांचून गत्यंतर कोठलें! म्हणून ही इंचभर उंचीची बुरशी डोक्याखालील फुग्यांत पाण्याचा दाब वाढविते, उजेडाकडे मान वळविते, आणि बीजांची काळी टोपी सहा फुटांवर उडविते. गुरांच्या फुप्फुसांतील जंताचीं पिल्लें मात्र याच टोपीवर बसून फुकटचा प्रवास करतात.

जंतांचा सूड घेणारी बुरशीही आहे. डडिंग्टोनिया नांवाची बुरशी शेणांत चिकट जाळीं विणून जंतांच्या अळ्या धरते व खाते. ऑस्ट्रेलियांत तिचीं बीजें जनावरांच्या खाद्यांत मिसळण्यासाठीं विकत मिळतात. शेणावरच्याच एका छत्रींतून स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं २०१४ सालीं कॉप्सिन हें जंतुनाशक द्रव्य वेगळें केलें. तें औषध म्हणून अद्याप रुग्णापर्यंत पोंचलेलें नाहीं.

मावळच्या शेतकऱ्यास याहून जवळचा प्रश्न राबाचा आहे. राब भाजल्यानें तणाचें बीं मरतें हें खरें; पण शेणांतील बहुतेक नत्र धुरावाटे जातो. तेंच शेण खड्ड्यांत ओलसर ठेवून कुजविलें, तर त्यांतील काष्ठमय भाग बुरशी फोडते आणि खाचरास खत मिळतें. शक्य तेथें राबांत शेण कमी घालून पालापाचोळाच अधिक घालावा, असें आमचें मत आहे.

आतां गृहिणींस एक विनंती. श्रावणांत वारुळापाशीं उगवणारी अळंबी जाणती माणसें ओळखून खातात. उकिरड्यावरची छत्री मात्र घरांत आणूं नये. तींत कांहीं विषारी, कांहीं भ्रम उत्पन्न करणाऱ्या असतात. चांदीचा रुपया काळा पडला तरच विष, ही परीक्षा खोटी आहे, व सर्वच विषें शिजविल्यानें जात नाहींत. मुलानें चुकून खाल्लीच, तर उरलेला तुकडा कागदांत बांधून बरोबर घ्यावा व तत्काळ डॉक्टर गांठावा.